गुरगुर

फेब्रुवारी लागतो, सशांची शिकार संपते
आणि आमचा फोन वाजायला लागतो.
पेट्रोल पंपामागे एक.
ऑलिव्हच्या बागेत दोन, एकाच दोरीला.
कोरड्या विहिरीत एक, अजून जिवंत आहे, शिडी घेऊन या.

गाल्गो. वाऱ्याच्या अंगाची कुत्री.
पळते तोवर मालकाची,
हंगाम सरला की कुणाचीच नाही.

विहिरीतलीला आम्ही मिगा म्हटलं.
मिगा म्हणजे पावाचा चुरा.
त्या रात्री डब्यात तेवढाच होता
आणि तेवढाच तिनं खाल्ला,
मी पाठ फिरवल्यावर.

दोन घरांनी तिला परत आणून सोडलं.
एकांचं म्हणणं, मुलांशी खेळत नाही.
दुसऱ्यांच्या काचेच्या दारावर ती आपटली.
दार नवीन होतं, ते म्हणाले.

मग सालामांकाहून बसनं कासिमिरो आला.
घड्याळं दुरुस्त करायचा, आता निवृत्त.
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
मी मनातल्या मनात नकार लिहूनही टाकला होता.
पण अर्जात 'घरी कोण कोण' यापुढे त्यानं लिहिलं होतं:
एक माणूस, एकोणीस घड्याळं.
आणि खाली, बारीक अक्षरात:
घड्याळं बंद ठेवता येतील.

तिच्याकडे बघू नका, मी बजावलं.
ज्याची चाळीस वर्षं भिंगातून बघण्यात गेली
त्या माणसाला.

पहिला आठवडा ती कपड्यांच्या मशीनमागे उभी.
बसलीसुद्धा नाही.
तो तिला उचलून खाली नेई, उचलून वर आणी.
चौपन्न पायऱ्या, तेवीस किलो.
पाठ धरली, तरी फोनवर सांगायचा ते भलतंच:
आज शेपटी पोटाखालून जरा सुटली.
आज माझ्यासमोर पाणी प्यायली.
आज मी कमरेचा पट्टा काढला
आणि तिनं फरशीवरच लघवी केली.
पट्टा त्यानं कचऱ्यात टाकला.
आता गॅलिस लावतो.
आरशात बाप दिसतो, म्हणाला.

पायऱ्यांवर सॉसेज ठेवून पाहिलं. नाही.
मग तो नुसताच बसायला लागला, तिच्याकडे पाठ करून,
खालून तिसऱ्या पायरीवर, पेपर मोठ्यानं वाचत:
फुटबॉलचे निकाल, हवामान, कोण कोण वारलं.
दुसऱ्या मजल्यावरच्या ओब्दुलियाबाई
भाजीची पिशवी घेऊन त्याला ओलांडून जायच्या, रोज,
एक अक्षर न बोलता.
सोळाव्या दिवशी त्याच्या कानामागे गरम श्वास आला.
तो वाचत राहिला.
मेलेल्यांची यादी, म्हणाला, दोनदा वाचली.

आणि काल रात्री साडेअकराला फोन.
आवाज पडलेला.
मी गुरगुरवली तिला, म्हणाला. म्हणजे
ती माझ्यावर गुरगुरली.
सोफ्यावर झोपली होती, मी जरा कडेला टेकायला गेलो,
तिनं दात दाखवले.
माझं काय चुकलं? न्यायला येणार का तुम्ही?

मी अंगणात उभी होते, हातात बाटली,
दुपारी आलेलं पिल्लू तिची गुळणी टाकत होतं.
विहिरीत ती गुरगुरली नव्हती.
मी गळ्यात दोरी घातली तेव्हा नाही,
डॉक्टरनं पाय सरळ केला तेव्हा नाही,
दोन घरांतून परत आली तेव्हा तर
आवाज म्हणजे काय हेच ती विसरली होती.
ज्याचं काहीच नसतं
ते कशावरून गुरगुरणार?

कासिमिरो, मी म्हटलं,
सोफा तिचा झाला.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
मागे कुठेतरी टिकटिक ऐकू येत होती.
एक घड्याळ सुरू केलंत?
लहानसं, म्हणाला. तिनं कान हलवला फक्त.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज,
जपून, लाकूड फरशीला लागू नये असा.
बरं, म्हणाला. इथंही झोप येते.