डावीकडे वळताना

तळोधीच्या अलीकडे, कालव्याच्या वळणावर
जीप पहिल्यांदा बोलली : टक्.
मग चाक वळेल तसं टक्, टक्,
सरळ झाली की तेवढं बंद.

मागे नऊ पिशव्या, थोडं पाणी, वर ऑक्सिजन,
एकेकीत पाचशे बोटुकल्या, रोहू आणि कतला.
संस्थेचा सचिव म्हणाला होता, टायर असेल.
नागभीडला टायर बदलले, शॉकअपचे बुश बदलले,
त्यांनी बिलावर माझी सही घेतली
आणि आवाज तसाच परत दिला.

कोवे मिस्त्रीला कमी ऐकू येतं.
वीस वर्षं धान मिलच्या पट्ट्याशेजारी उभा होता, तिथेच कान ठेवून आला.
गॅरेज म्हणजे मोहाचं झाड, एक लोखंडी पेटी
आणि निखलेश नावाचा भाचा.
"आवाज कसा येते, करून दाखव वं."
मी चारचौघांत तोंडाने केला : टक्, टक्.
"अन् सरळ रोडवर?"
मी ओठ मिटून घुमले.
पानठेल्यावरचे दोघं हसले. तो हसला नाही.
"दोन हायेत. दोघायले येगयेगळं इचारा लागन."

पुढचे दोन्ही हब त्याने मोकळे केले.
"आता चालव. डाव्या अंगानं फिरव."
टक् गेलं.
घुमणं होतंच.
"मंग टक् चाकाचं नाई. आतल्या दांड्याचं हाये, क्रॉसचं."
इतकंच विचारायचं होतं.
तीन महिने कुणी विचारलं नव्हतं.

मग जॅक. चाक हवेत.
एक हात वर, एक हात खाली, हलवून पाहिलं :
सुपारीच्या कातरणाएवढी ढील.
निखलेश चाक फिरवत राहिला.
मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरचं टोक हबवर टेकवलं,
मूठ दातांत धरली, डोळे मिटले.
"कान खोटं बोलते," तो नंतर म्हणाला, "दात नाई बोलत."

हब उघडताना सर्क्लिप उडाली ती तरोट्यात.
आम्ही तिघं गुडघ्यांवर, अर्धा तास.
मध्ये मध्ये मी उठून पिशव्यांवरची पोती ओली करत होते.
मासे काही सांगत नाहीत.
आधी तोंड वर करतात, मग पोट.

ग्रीस निघालं ते दुधाच्या चहासारखं.
"पाण्यात उतरवते का हे?"
उतरवते. काठापासून पाणी लांब असतं,
पिशव्या जड, आणि संस्थेत माणसं पाच.
मिस्त्रीने क्रॉसची वाटी तळहातावर उपडी केली :
सुयांचं लाल पीठ.
शाबूत सुया तीन.

क्रॉस होता त्याच्याकडे,
डालड्याच्या डब्यात, घासलेटात बुडवून ठेवलेला.
वनखात्याच्या लिलावातल्या जीपचा, म्हणाला,
तिचं बाकी सगळं विकून झालं.
बेरिंग मात्र नव्हतं.
जुनंच धुतलं, तळहातावर घासून घासून ग्रीस भरलं,
नट आवळला, मग जरासा उलटा फिरवला.
"पोळ्यापर्यंत जाते. मंग ये, नवं टाकू."

बिल मागितलं तर हसला.
बिडीच्या बंडलाचा कागद सोडवून निखलेशने लिहून दिलं,
मिस्त्री सांगेल तसं :
आवाज १ काढला. आवाज १ ठेवला.
रुपये सहाशे.

कालव्याचं वळण आलं. मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापलं.
काही नाही. फक्त मुरूम टायरखाली.

बोडीवर या वेळी जीप पाळीवरच उभी केली.
पिशव्या डोक्यावरून नेल्या, कमरेएवढ्या पाण्यात,
बंद तशाच तरंगत ठेवल्या, आतलं पाणी बोडीएवढं गार होईतो.
नवव्या पिशवीत चाळीसेक पोट वर करून होत्या.
बाकीच्या सोडल्या तशा गेल्या,
मागे वळून न बघता.

दुसऱ्या दिवशी सचिवाने कागद उलटासुलटा पाहिला.
"हे 'ठेवला' म्हणजे काय, पुष्पकलाबाई?"
मी ओठ मिटून त्याला घुमून दाखवलं.