कुडाळातलं दुसरं बिल

पहिल्या बिलावर कर होता अठरा टक्के.
दोन हजार पाचशे वीस रुपये.
शाई फिकी, आकडा ठसठशीत.

मी म्हटलं, श्रवणयंत्रावर कर नसतो.
काउंटरवरची मयुरी म्हणाली, ताई, कॉम्प्युटर घेतो.
जसा काही कॉम्प्युटर घरचा जावई,
त्याला विचारायचं कोणी?

मी जोरात बोलत होते.
मला हळू बोलता येत नाही.
नऊ वर्षं घरात ओरडतेच आहे,
जेवलात काय, गोळी घेतलीत काय, दार वाजतंय,
आणि ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी चाळीस वर्षं काढलेला माणूस
माझ्या ओठांकडे बघत मान हलवतो,
नको तिथे.

सगळं दुकान ऐकत होतं.
गुडघ्याचा पट्टा घालून बघणारा एक शिक्षक,
कुबड्यांची उंची भिंतीला लावून मोजणारी बाई,
आणि प्लॅस्टिकमधली व्हीलचेअर,
जिच्या मांडीवर कोणीतरी आजचा पेपर ठेवला होता.

बाबांनी माझी बाही ओढली.
"ऱ्हवांदे गो. आधी भर, मगे माग. माका म्हायत आसा."
त्यांना डिझेलचा परतावा आठवत होता.
पंपावर पूर्ण पैसे मोजायचे,
पावत्या सोसायटीत द्यायच्या,
आणि मग वाट बघायची,
एक हंगाम, दोन हंगाम,
सेक्रेटरी बदलेपर्यंत.
माफी म्हणजे पुढच्या वर्षी येणारी वस्तू,
एवढंच गणित त्यांना समुद्राने नाही,
कचेरीने शिकवलं होतं.

पिंगुळकर आतून आले, चष्मा कपाळावर.
सावंतवाडीच्या सीएला फोन लावला, स्पीकरवर.
तो म्हणाला, कोड वाच.
मयुरीने वाचला.
पलीकडे थोडी शांतता, मग हसू.
यंत्र "इतर विद्युत वस्तूं"मध्ये नोंदलं होतं.
म्हणजे इस्त्री, दारावरची घंटी
आणि त्यांच्यामध्ये अवघडून बसलेला
माझ्या बापाचा उजवा कान.

"आजवर कोणी विचारलंच नाही," पिंगुळकर म्हणाले.
मी विचारलं, आजवर कितीजणांनी भरलं?
ते पंख्याकडे बघू लागले.
कुबड्यावाल्या बाईने आपलं जुनं बिल
पिशवीतून काढलं, उलगडलं, आणि रांगेत माझ्या मागे उभी राहिली.

दुसरं बिल निघताना
बाबांच्या कानात यंत्र आधीच बसवलेलं होतं.
जुना प्रिंटर खरखरला.
ते दचकून म्हणाले, "मासळी कोण तळता हय?"

दुसऱ्या बिलावर कराच्या रकान्यात शून्य.
बाबांनी त्यावर बोट ठेवलं,
मग उचलून बोटाकडे पाहिलं,
शाई लागली की काय म्हणून.
"आत्ताच? अर्ज नाय, काय नाय?"

सेलांच्या पाकिटावर मात्र कर होता.
छत्तीस रुपये. तो खराच होता, मी पुन्हा विचारून घेतलं.
बाबा खुशीत म्हणाले, "आता कसा बरोबर.
होडी फुकट दिलीनी तरी डिझेल कोण फुकट देता?"
आणि खिशातून स्वतः पैसे काढून मोजले,
सुटे छत्तीस.

मालवणच्या गाडीत खिडकीशी बसले ते.
कंडक्टरची घंटी, पिशवीतली चुरचुर,
मागच्या बाकावरचं भांडण,
सगळं ते आलेल्या मासळीसारखं उलटसुलट करून बघत होते.

कुंपणाला लागून झोपलेली म्हैस उठेना, गाडी थांबली,
आणि मी सवयीने,
त्यांच्या पाठीमागे बिनधास्त पुटपुटायची नऊ वर्षांची सवय ती,
पुटपुटले, हट्टी म्हातारा,
दोन वर्षांपूर्वीच आला असता तर.

ते वळले.
"काय म्हणालंस गो?"

ही सवलत
माझी होती.
आजपासून बंद.