दुसरी वायर

भिशी लागली त्या आठवड्यात कार्ड आणलं,
इचलकरंजीच्या एका पोराकडनं, सेकंडहँड,
स्वेटरात गुंडाळून, एसटीत मांडीवर,
आजारी कोंबडी न्यावी तसं.
बावीस हजार.
बायकोला अठरा सांगितले.

मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागं, बेकरीच्या माडीवर
माझं एडिटिंगचं दुकान. टोस्टचा वास फुकट.
बसवलं. पंखे फिरले. निळा दिवा लागला
आणि आरगच्या ओमासेंची नवरी
मांडवात चालता चालता अडकायला लागली.

एक पाऊल. थांब.
दीड पाऊल.
थांब.
जुन्या कार्डावर मुकाट चालत होती,
जराशी धुरकट, पण सलग.
आता कानामागं राहिलेली हळदसुद्धा दिसते
आणि चालता येत नाही तिला.

पहिल्या रात्री जुना ड्रायव्हर काढला, सेफ मोडमध्ये जाऊन,
गेलेल्या भाडेकरूचे खिळे भिंतीतून उपसावेत तसा.
नवा घातला.
अडकलीच.
दुसऱ्या रात्री रॅमच्या पट्ट्या काढून
पोरीच्या खोडरबरानं पिवळे दात घासले त्यांचे.
खोडरबराला स्ट्रॉबेरीचा वास. उपयोग शून्य.
मग डबा उघडाच ठेवला, टेबलफॅन लावला,
तापमान बघितलं: चौसष्ट.
त्या वेळी माझं जास्त असेल.

ओमासेंचा फोन: पाहुणं इचारत्यात, व्हिडिओ कधी?
म्हटलं, रेंडरला लावलाय.
आमच्या धंद्यात हे वाक्य
देवळातल्या घंटेसारखं, येता-जाता वाजवायचं.

चौदाव्या सेकंदाला हमखास गोठायचं.
तीन रात्री तेच एक चित्र समोर.
नवरी सोडून मग मागचं बघायला लागलो:
खांबाला टेकून नवरीचे वडील,
नवा बूट चावलेला,
एक पाय अर्धा बाहेर काढून
बगळ्यासारखे उभे,
आणि चेहरा मात्र पाहुण्यांच्या स्वागताचा.
शूटिंग मीच केलेलं. त्या दिवशी
मला हा माणूस दिसलाच नव्हता.

चौथ्या रात्री इरशाद मुजावर आला,
नमाज उरकून, ॲक्टिव्हा बेकरीच्या शटरला लावून.
स्क्रीनकडं बघितलंच नाही त्यानं.
डब्यात हात घालून बोटांनी वायर चाचपत गेला,
नाडी बघावी तसा, मागपर्यंत,
आणि हसला.
'एकच वायर आणून तिचीच दोन तोंडं लावलायस की रं.
तोंडं दोन, पण घसा एकच.
ह्यो खाणार किती, आन् गिळणार कुठनं?'

बायको तेव्हा दवाखान्यात नाइट ड्यूटीवर.
घरचा किराणा, दुकानाचं भाडं,
भिशीचा हप्ता.
घसा कुणाचा, ते मी इरशादला बोललो नाही.

दुसरी वायर विकत आणावी लागली नाही.
पॉवर सप्लायच्या खोक्यात होती, पाच वर्षं,
माळ्यावर, लग्नांच्या जुन्या कॅसेटींखाली,
पिशवीचं तोंडसुद्धा न फोडलेली.
दोन घशांनी दोन घास.
इरशादनं पैसे घेतले नाहीत, टोस्टचा पुडा नेला.

नवरी चालली.
मांडवभर, न अडखळता, पाण्यावरनं दिवा जावा तशी.
चौदावा सेकंद आला, गेला.
मागं नेलं. परत आला, परत गेला.
खांबापाशी काहीतरी पांढरं हललं, इतकंच.
आता त्यांना बघायचं
तर मलाच थांबवावं लागतं.

थांबवलं. मोठं केलं.
नव्या कार्डावर स्वच्छ दिसलं:
बुटाच्या टाचेत घडी घालून कोंबलेला
पत्रिकेचा पिवळा कागद,
आणि कडेला बाहेर आलेली
गणपतीची अर्धी सोंड.