जड होती

पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम उघडतो.
त्याआधी दोन आठवडे माझ्या दुकानात
खरेदी कमी, गप्पा जास्त.
लेक सुपीरियरवरून वारा येतो, दार आपटतो,
आणि काउंटरवर कोपरं टेकून सगळे एकच खेळ खेळतात:
कुणी फुकट देत असेल, तर कुठली मागशील?

डेलबर्टला इटलीची दुनळी हवी.
पोलादावर कोरलेले तितर
उडतायत असं वाटलं पाहिजे.
तेवढ्या पैशात त्याचं घर येईल, वर एक बोट.
पाद्रीबुवा चकमकीची मागतात,
बार उडेपर्यंत माणसाला पश्चात्तापाला वेळ मिळतो म्हणून.
शाळेची बस चालवणारी रोवेना म्हणते,
हलकी दे बाबा, खांदा काळानिळा न करणारी,
आणि नवऱ्याला न सापडणारी.
हसतो आम्ही. मी कॉफी ओततो.
स्वप्नाला फॉर्म भरावा लागत नाही.

ताउनो कोस्केला या खेळात कधी नसायचा.
वीस काडतुसांची एक पेटी, नोटा मोजून,
टोपी सारखी करून बाहेर.
एकदाच, बर्फाने रस्ता अडला तेव्हा,
खिडकीकडे बघत बोलला:
तीस-तीस. कडीची. बापाची.

तांब्याची खाण बंद पडली त्या हिवाळ्यात
बापाने ती घोंगडीत गुंडाळली
आणि सहा मैल चालत गेला.
परतला तेव्हा पाठीवर पिठाचं पोतं,
डुकराची चरबी,
आणि ताउनोसाठी बूट, दोन नंबर मोठे.
त्याच्या आदल्या वर्षी
नऊ वर्षांच्या ताउनोने ती बंदूक
सौनाच्या भट्टीला टेकवून ठेवली होती.
कुंद्यावर नाण्याएवढा काळा डाग पडला.
मार बसला नाही.
बाप नुसता डागावर अंगठा फिरवत राहिला.

हे मी त्याच्या लेकीला सांगायला नको होतं.
पण सांगितलं.
ऐलाने आजोबांची वही शोधून काढली.
दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलने,
बंदुकीचा नंबर.

तीन हिवाळे मी पत्रं लिहिली, फोन केले.
सापडली विस्कॉन्सिनमधल्या एका दारूच्या गुत्त्यात,
भिंतीवर, एका भुसा भरलेल्या माशाच्या वर.
मालकाला पैसे नको होते.
त्याला डीप फ्रीजर हवा होता.
दिला.
फॉर्म मात्र भरावा लागला. सहा पानं.

सत्तराव्या वाढदिवशी ऐला त्याला घेऊन आली.
मी घोंगडी उलगडली (घोंगडी माझी, नवी,
ते तेवढं जमलं नाही).
ताउनोने आधी कडी ओढली,
करंगळी घालून पाहिलं, रिकामी आहे ना.
मग अंगठा न बघता डागावर गेला
आणि तिथेच थांबला.
मग खांद्याला लावली,
माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला,
खाली घेतली.

जड होती, म्हणाला.
ही हलकी आहे.

मी वही उघडली. एकेक आकडा
नळीशी जुळवून दाखवला.
ऐलाचा चेहरा पडला होता.
तीच आहे, तो म्हणाला. माहीत आहे मला.
पण जड होती.

त्या वर्षी त्याने काडतुसांची पेटी घेतली नाही.
मी वेगळी काढून ठेवली होती, तशीच राहिली.
सोळा तारखेला आला, बुटांवर चिखल,
दलदलीकडचा, म्हणजे जाऊन आला होता.
काही दिसलं?
दिसलं एक. आठ टोकांच्या शिंगांचं. इथून त्या दारापर्यंत,
एवढं जवळ.
मग?
मग काय.
त्याने कप पुढे केला.
घरी पीठ आहे ना.