छपरावरचे पत्रे

लॉकरवर मागच्या वर्षीच्या मुलाचं नाव होतं, कॅलम.
नखाने खरवडलं, अर्धंच निघालं.
तेरा महिने मी 'लम' म्हणून वावरले.
एल्स्पेथ हे नाव रात्रपाळीतल्या काहींना
निरोपाच्या केकवरच पहिल्यांदा दिसलं.

विद्यापीठात मला द्रवांची समीकरणं येत होती,
पानंच्या पानं, न अडखळता.
इथे, टाइन नदीच्या मुखाशी, रंगाच्या कारखान्यात
विनी टलकने हातात बुडाला भोक असलेला पेला दिला.
"भर. बोट काढ. धार तुटेपर्यंत मोज."

मी मोजलं. स्टॉपवॉच म्हणालं, सत्तावीस पूर्णांक दोन.
मिक्सरच्या जिन्यावरून नॉरिस, पाठ फिरवूनच: "सत्तावीस."
मग थोड्या वेळाने,
"ते वरचे दोन तुझ्या अहवालाला ठेव."

पहाटे पाच-चाळीसची बस.
मिसेस ऑटनकडे माडीवरची खोली,
खाली तिचा पोपट, रेडिओ ऐकून ऐकून हुशार झालेला:
"वारा वायव्येचा, जोर ओसरेल."
ओसरायचा नाही.
केसांत थिनरचा वास, उशीला वास, टोस्टलाही.
आईला फोनवर सांगायचे, मजेत आहे.
ते खोटं नव्हतं, फक्त पातळ केलेलं होतं.

नोव्हेंबरात मी एक टिंब विसरले.
काळा रंग: एक पूर्णांक चार किलो.
मी लिहिलं चौदा.
इस्पितळाच्या कॉरिडॉरसाठी निघालेला मलईचा रंग
चार टन, माझ्या डोळ्यांदेखत,
काठाकडून मध्याकडे करडा होत गेला.
पातं फिरतच होतं. कुणी ओरडलं नाही.
ओरडले असते तर बरं झालं असतं.
नॉरिसने हौदात वाकून पाहिलं
आणि टोपी मागे सारून म्हणाला,
"चार टन ढग."

पुढे कुठल्याशा डुक्करपालाने ते स्वस्तात नेलं, जमिनीसाठी,
तेव्हा जीव भांड्यात पडला म्हणतात तो पडला.
पण भांडं केवढं होतं ते मी पाहिलं होतं.

महिन्यातून एकदा छपरावर जायचं.
तिथे रंगवलेले पत्रे, ओळीने, तोंड दक्षिणेला,
ऊन, मीठ, समुद्रपक्ष्यांची शिट खात पडलेले.
आपण फक्त चकाकी मोजायची आणि वहीत लिहायची.
कशालाही पुसायचं नाही.
पत्र्यामागे खिळ्याने कोरलेली तारीख, आद्याक्षरं.
एक माझ्या जन्माच्या तीन आठवडे आधीचा.
जे. एफ. तोही आमच्यासारखाच, वर्षाचा पाहुणा.
कुठे असेल आता?
विनीने आठवायचा प्रयत्न केला.
"शिट्टी छान वाजवायचा," म्हणाली.

शेवटच्या शुक्रवारी नॉरिस गुडघा धरत शिडी चढला,
काखेत एक करडा पत्रा.
माझाच ढग, एक डबा बाजूला ठेवलेला, मला न सांगता.
"चांगले रंग कुणीही टांगतं."
खिळा माझ्या हातात दिला.
मी 'ए' कोरला. मग जरा थांबून खाली 'लम'.

आता शेवटचं वर्ष. सगळे परतलेत,
गळ्यात कंपन्यांच्या दोऱ्या, तोंडात नवे शब्द.
विभागाचा फॉर्म विचारतो: काय शिकलात? शंभर शब्दांत.
मी संघभावना लिहिली, वेळेचं नियोजन लिहिलं,
अठ्ठ्याण्णव झाले, दोन शब्द सुचेनात.
स्वयंपाकघरात चमच्यावरून मध सोडला
आणि ओठ आपोआप मोजायला लागले.

विनी दर महिन्याला एक आकडा पाठवते,
ना नमस्कार, ना खुशाली.
ऑक्टोबर: एक्याऐंशी.
नोव्हेंबर: ऐंशी.
डिसेंबर: अठ्ठ्याहत्तर. पक्षी बसून गेला. पुसलं नाहीये.
नवा मुलगा मोजतो आता. वर गेला की खाली यायला वेळ लावतो.