सक्ती

मिरजेत, इस्पितळाच्या तळमजल्यावर,
औषधाच्या दुकानाला लागून माझी खिडकी.
वर पाटी : विमा मदत कक्ष.
‘मदत’ लिहिणारा पेंटर
मला अजून भेटलेला नाही.

मंगळवारी गुलाब मुल्लाची बायको आली.
बर्फाच्या कारखान्यात लादी घसरून त्याच्या पायावर.
कार्ड? म्हटलं. तिनं पिशवी पालथी केली :
रेशनचं, आधारचं, बचत गटाचं,
पोराच्या शाळेचं, आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका.
सगळं होतं.

बुधवारी त्याच खिडकीत चौगुले सर,
दोन वर्षं न चुकता हप्ते भरलेले.
कंपनीचं पत्र : आजार पॉलिसीपेक्षा वयानं मोठा आहे.
सर हसले, वर्गात हसायचे तसे,
आणि पेन परत करायला विसरले.

पेपरात येतं, सरकारनं विमा सक्तीचा करावा का?
मी दुपारचा डबा त्याच पानावर सोडते.
वांग्याचं तेल आधी ‘करावा’वर पसरतं,
मग हळूहळू ‘का’वर.

घरी आप्पा. भूपाल मगदूम,
सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षं मापाडी.
नखांतला पिवळा अजून निवृत्त झालेला नाही.
“न आलेल्या दुखण्याचं वजन कोण करणार गं?
पारडं रिकामं, पैसे रोख.”
स्कूटरचा भरता की, मी म्हणते.
“स्कूटर दुसऱ्याला धडकती.
माझं मूत्रपिंड कुणाला धडकणार हाय?”

मला, आप्पा.
हे मी मोठ्यानं बोलले नाही.

पुराच्या साली आयर्विनच्या खांबावरचे आकडे
एकेक करून पाण्याखाली गेले, तेव्हा
दोन पोरांनी त्यांना गच्चीवरून
खुर्चीसकट बोटीत घातलं.
माझं घर, मी बुडीन, तुमचं काय जातंय,
गावभाग मागं पडेपर्यंत शिव्या.
चिखल उपसून झाल्यावर त्या दोन्ही घरी
एकेक किलो राजापुरी हळद पोचली.
निरोप काही नव्हता.

तर मी काय केलं ते सांगते.
तीन वर्षांपूर्वी त्यांचा विमा काढला.
ओटीपी आला तेव्हा आप्पा अंघोळीला होते.
सहा आकडे टाकले, मेसेज पुसला,
दाराच्या फटीतून टॉवेल दिला.
ना चर्चा, ना मतदान.
एवढं झटपट सरकार महाराष्ट्रात झालं नसेल.

कंपनीनंच फितुरी केली.
परवा मेसेज : प्रिय ग्राहक भूपाल मगदूम,
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

आप्पा भिंग घेऊन बसले.
चव्वेचाळीस पानं, मुंगीएवढी अक्षरं.
आमटी गार झाली, परत तापवली, परत गार झाली.
अठराव्या कलमावर बोट ठेवून म्हणाले,
“हे माप खोटं हाय.
आमच्या काट्यावर दरसाल शिक्का मारायला
सरकारचा माणूस यायचा.
दहा ग्रॅमला लायसन जायचं.
घेणाऱ्यावर सक्ती करतील उद्या, करू द्यात.
ह्यांच्या काट्याला शिक्का कोण मारतंय?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं.
माझ्या खिडकीत शिक्का आहे,
पण तो फक्त ‘नामंजूर’चा झिजलाय.

विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.
“म्हणालोच असतो. आत्ताबी म्हणतोय.”
आणि कागद घडी करून
जुन्या पितळी वजनाखाली ठेवला, पाच किलोच्या.

मग बऱ्याच वेळानं,
“त्या बर्फवाल्याचं काय झालं?”
पाय वाचला. कारखान्यातल्या सगळ्यांनी
पाचशे पाचशे दिले.
“सगळ्यांनी?”
मुकादमानं पगारातनंच कापले.
“विचारून?”

नाही, म्हटलं.

आप्पांनी ताट पुढं ओढलं.
“मीठ कमी हाय,” म्हणाले,
आणि जेवायला लागले.