बूड

काचेच्या पेट्यांत ठेवलीयत बाईंची भांडी.
खाली पांढरी पट्टी : नाव, साल, उंची सेंटिमीटरमध्ये.
विमल धैर्यवान, स्टुडिओ पॉटरीच्या आद्य वगैरे.
एसीच्या गारठ्यात मी हात खिशात घालून फिरतो,
नाहीतर ते आपोआप पुढं जातात.

बाई म्हणायच्या,
तोंड बघून भांडं कळत नाही, जनार्दन.
उलटं कर. बूड बघ.

शिवडीच्या शेडमध्ये आलो तेव्हा मी सोळाचा.
बाई दिवसभर भांडुपच्या कारखान्यात
वॉश-बेसिनांच्या झिलईवरच्या भेगा मोजायच्या,
सातनंतर पदर खोचून चाकावर.
थोरले दीर एकदा शेडच्या दारात येऊन म्हणाले,
वहिनी, आपल्याकडं पापलेट येतं, चिखल नाही.
बाई मान वर न करता म्हणाल्या,
दोन्ही खाडीतनंच येतं, भाऊजी.

चाक त्या शिकल्या धारावीत, देवशीबापाकडे.
म्हाताऱ्यानं तीन महिने नुसती माती तुडवून घेतली.
चौथ्या महिन्यात म्हणाला, बेसो.
पहिली वाटी त्यानं तळहातावर तोलली
आणि परत गोळ्यात थापली.

पुढं बाईंना दिल्लीत ताम्रपट मिळाला.
त्याच पावसाळ्याआधी देवशीबापाला नोटीस :
भट्टीच्या धुराचा उपद्रव.
बाई ताम्रपट घेऊन टॅक्सीनं त्याच्या दारात.
त्यानं तो उलटा केला, नखानं वाजवला.
‘बूड सपाट छे,’ म्हणाला.
दोघं इतकी हसली की सुनेनं चहा खाली ठेवला.
नोटिशीचं पुढं काय झालं,
मी विचारलं नाही. बाई बोलल्या नाहीत.

मीठ वडाळ्याच्या मिठागरातलं, जाडं, काळपट.
बाराशे ऐंशीला शंकू वाकला
की मी लोखंडी पन्हळीतनं ते आत सोडायचो.
भट्टी तडतडायची, फोडणीसारखी,
आणि पांढरा धूर थेट शेजारच्या वखारीवर.
भांड्यांवर संत्र्याच्या सालीसारखी झिलई चढायची,
वखारीच्या पत्र्यांना भोकं पडायची.
दर दोन वर्षांनी बाई पत्रे भरून द्यायच्या.
हे कुठल्या पट्टीवर नाही.

वहीत मात्र सगळं आहे, माझ्या अक्षरात.
राख, माझगावची बेकरी, तीन वाट्या, दोनदा धुतलेली : वाईट.
राख, केळीच्या सोपटाची : वाईट, पण निळसर.
एका रात्री फळी बसली, त्रेसष्ट भांडी
एकमेकांना चिकटून एकच झाली.
बाईंनी खारी चहात बुडवली,
ती तुटून पडेपर्यंत बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, लिही. त्रेसष्ट.

शेवटची दोन वर्षं काठ वाकडे येऊ लागले.
एका समीक्षकानं लिहिलं,
रेषेला नवी मुक्तता लाभली आहे.
मी वाचून दाखवलं.
बाईंनी बोटं उघडझाप करून बघितली.
‘संधिवात,’ म्हणाल्या, ‘पण कापून ठेव.’

पेटी क्रमांक नऊ. तपकिरी बरणी, एकोणीसशे बहात्तर.
बुडाजवळ तीन ठिकाणी झिलई नाही.
झिलईत बुडवताना बरणी उलटी धरतात,
बुडाला, तीन बोटांनी.
बाईंची बोटं बारीक होती.

सिक्युरिटीचा पोरगा आला.
काका, एवढं वाकून काय बघताय?
बूड, म्हटलं.
त्यानं इकडंतिकडं बघितलं,
मोबाईलचा टॉर्च लावला,
गुडघ्यावर बसला.
नाही दिसत, म्हणाला, ते खाली आहे ना.

घरी एक कप आहे. शिक्का नाही,
बुडाला केसाएवढी चीर.
चहा लवकर प्यावा लागतो.